जर्मन तबकडीवरचे साठे

गेल्या वर्षी भाऊबिजेच्या संध्याकाळी आमच्या साताऱ्याच्या घरात एक तबकडी वाजली आणि ती संपायच्या आत घरात दोन तट पडले. तबकडी जर्मनीतली. माझा भाचा तिकडे श्टुटगार्टला नोकरी करतो आणि जुन्या ध्वनिमुद्रिका जमवण्याचा त्याला नाद आहे. बहीण ओवाळायला आली ती त्यालाही घेऊन. ओवाळणी झाली, मंडळी फराळाला बसली, आणि भाच्याने मोठ्या कौतुकाने ती तबकडी काढून लावली.

आमचे काका नव्वदी ओलांडलेले. सारा जन्म त्यांनी भजनी मंडळात आणि संगीत नाटकांत तबला वाजवण्यात घालवला. सतार ओळखू आली तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली. तेवढ्यात पियानो कोसळला, पाठोपाठ सॅक्सोफोन किंचाळला, आणि काकांनी चिवड्याची बशी खाली ठेवली. "अरे, ही दोन लग्नांची वरात एकाच बोळातून चालली आहे," असे म्हणून ते उठले आणि ओसरीवर जाऊन बसले.

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो. कारण साताऱ्या-सांगलीकडच्या नियतकालिकांतून चाळीस वर्षे गाण्यावर लिहीत असल्यामुळे अशा प्रसंगी आपले हसणे हा अभिप्राय ठरतो, असा माझा समज आहे. भाच्याने वाद घातला नाही. त्याने तबकडीचे वेष्टन माझ्यापुढे धरले आणि एका ओळीवर बोट ठेवले. तबला : केशव साठे.

ते मी मोठ्याने वाचले. ओसरीवरून काकांचा आवाज आला, "साठे? कुठले साठे?"

मराठी माणसाचा हा हक्काचा प्रश्न. पण त्याचे उत्तर घरात कुणाकडेच नव्हते, आणि माझ्याकडे तर ते असायला हवे होते. शिवाय दुसरी एक गोष्ट मला रात्रभर टोचत राहिली. भैरवी होईपर्यंत बैठकीतून उठू नये आणि पुरते ऐकल्यावाचून मत देऊ नये, असे मी लोकांना चाळीस वर्षे बजावत आलो. आणि स्वतः मात्र चकलीचा तुकडा तोंडात असताना निकाल देऊन मोकळा झालो होतो. ती तबकडी मी भाच्याकडून मागून घेतली. वर्षभर ऐकली. ते ऐकून जे मत झाले ते क्रमाने मांडतो. वाचकांनी हे परीक्षण समजावे. थोडे प्रायश्चित्तही समजायला हरकत नाही.

*

तबकडीचे नाव 'जॅझ मीट्स इंडिया', म्हणजे जॅझला भारत भेटतो. १९६७ सालच्या ऑक्टोबरात जर्मनीच्या दक्षिणेकडील फिलिंगेन या गावी ती ध्वनिमुद्रित झाली. हे गाव 'ब्लॅक फॉरेस्ट' नावाच्या डोंगराळ जंगलपट्टीत आहे. रेडिओसंच बनवणारी 'साबा' नावाची कंपनी तिथली. त्या कंपनीच्या मालकांपैकी हान्स गेओर्ग ब्रुन्नर-श्वेर यांना ध्वनिमुद्रणाचे वेड होते आणि त्या वेडातून तिथे जॅझच्या उत्तम तबकड्या निघत. या तबकडीमागची कल्पना योआखिम एर्न्स्ट बेरेंट यांची. जॅझवर १९५३ साली त्यांनी लिहिलेले पुस्तक पुढे जगभर वाचले गेले. जॅझ आता अमेरिकेपुरते राहू नये, त्याने देशोदेशींच्या संगीताशी गाठ घ्यावी, असा त्यांचा ध्यास होता. म्हणून त्यांनी जपान, ट्यूनिशिया, बाली, स्पेन, ब्राझील अशा ठिकाणच्या संगीताशी जॅझची भेट घडवणारी एक मालिकाच काढली. त्या मालिकेत आपल्या वाट्याला ही तबकडी आली.

काळ कोणता, तेही ध्यानात घ्यायला हवे. १९६० ते १९६२ या वर्षांत लिव्हरपूलची बीटल्स मंडळी हँबुर्गच्या क्लबांतून रात्र रात्र वाजवत घडली, आणि मागोमाग जर्मनीतल्या गल्लोगल्लीची पोरे गिटारी घेऊन उभी राहिली. त्यांच्या त्या ठेकेबाज संगीताला तिकडे 'बीट' म्हणत. १९६५ च्या अखेरीस बीटल्सच्या एका गाण्यात सतार वाजली आणि सतारीची साथ सुरू झाली. साथ हा शब्द मी पटकी-प्लेगच्या अर्थाने वापरतो आहे. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे येथे रविशंकर आणि अल्लारखाँ यांची बैठक झाली, तिला तरुणांची तोबा गर्दी होती. त्यांतले पुष्कळ जण नशेच्या गोळ्यांवर तरंगत. त्या तंद्रीला साजेल असे जे संगीत निघाले त्याला 'सायकेडेलिक' असे नाव पडले. सतार आणि तंबोरा ही त्या तंद्रीची सजावट झाली. रविशंकरांनी या गोष्टीचा उघड निषेध केला होता, आणि तो त्यांना शोभणाराच होता.

बेरेंट यांच्या तबकडीला त्या बाजारातली म्हणता येत नाही, पण ती बाजाराच्या दिवशीच निघाली. तिच्यावर एका बाजूला पाच युरोपीय आहेत. पियानोवर इरेने श्वाइत्सर ही त्या वेळी सव्वीस वर्षांची स्विस मुलगी. पुरुषांनी भरलेल्या त्या आखाड्यात ती आपल्या हिमतीवर उभी राहिली आणि पुढे युरोपातल्या मुक्त जॅझमधले एक मोठे नाव झाली. २०२४ साली ती वारली. सॅक्सोफोनवर फ्रान्सचा बार्नी विलेन, जो विशीत असताना माइल्स डेव्हिसबरोबर वाजवून गेला होता. कॉर्नेटवर मान्फ्रेड शोफ. बास या मोठ्या खर्जवाद्यावर उली ट्रेप्टे आणि ड्रमवर मानी नोइमायर. या शेवटल्या दोघांची नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. त्यांच्याकडे मी परत येणार आहे. दुसऱ्या बाजूला तिघे भारतीय : सतार आणि गायन दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर, आणि तबल्यावर आपले साठे.

*

काकांच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. केशव साठे यांचा जन्म १९२८ चा, मुंबईचा. पुढे ते लंडनला गेले आणि तिथलेच झाले. कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी लंडनमध्ये १९६६ साली 'इंडो-जॅझ सूट' नावाची तबकडी काढली, तिच्यावर तबला साठ्यांचा आहे. पुढच्या 'इंडो-जॅझ फ्यूजन्स'मध्येही तेच आहेत. आज ज्या शब्दाचा आपल्याकडे गणपतीच्या मांडवापासून नाट्यगृहापर्यंत सुकाळ झाला आहे, तो 'फ्यूजन' शब्द आणि तो प्रकार अगदी कोवळा असताना त्याला ठेका देणारा माणूस मराठी होता. १९७२ साली 'मॅजिक कार्पेट' नावाच्या इंग्रजी मंडळीच्या तबकडीवरही ते आहेत. तिच्यातली सतार आणि गाणे दोन्ही इंग्रज मंडळींचे. तबला तेवढा आपला. २०१२ साली त्यांचे निधन झाले. इंग्लंड-जर्मनीतले हौशी लोक त्यांच्या तबकड्या आजही शोधत फिरतात. आपल्या दिवाळी अंकांतून मी एवढे गाण्यावर वाचले आणि लिहिले, पण त्यांचे नाव मला आठवत नाही.

इथे एक मोह होतो. नाव सापडले की लगेच टाळी वाजवायची : पाहा, तिथेही आपलाच माणूस! पण हे कौतुक आणि काकांचे उठून जाणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. एकाने न ऐकता नाव ठेवले, दुसऱ्याने न ऐकता नाव घेतले. साठे तिथे होते, एवढ्याने तबकडी चांगली ठरत नाही. त्यांनी तिथे केले काय, हा प्रश्न आहे.

*

तबकडीवर तीनच रचना आहेत : 'सन लव्ह', 'याद' आणि 'ब्रिगाख अँड गँजेस'. या शेवटल्या नावाने मला बराच काळ अडवून ठेवले. ब्रिगाख ही फिलिंगेनवरून वाहणारी एक लहानशी नदी, दुसरी गंगा. या दोघी कुठे भेटणार? नकाशावर तर नाहीच. ब्रिगाखचा खरा संगम जवळच्याच डोनाउएशिंगेन गावी ब्रेग नावाच्या नदीशी होतो आणि त्या दोघींची मिळून डॅन्यूब होते.

आम्ही सातारकर संगमाच्या बाबतीत जरा चोखंदळ आहोत. माहुलीला कृष्णेत वेण्णा मिळते. खाली सांगलीजवळ हरिपूरला त्याच कृष्णेत वारणा मिळते. लहानपणी माहुलीच्या घाटावर बसून मी पावसाळ्यातले ते पाणी पाहिले आहे. दोन रंगांचे पाणी काही अंतर शेजारी शेजारी चालते, मध्ये रेघ मारल्यासारखी दिसते, आणि मग ती रेघ कुठे पुसली गेली ते सांगता येत नाही. या तबकडीला लावायची कसोटी मला तिथेच सापडली. दोन पाणी शेजारून वाहणे हा काही दोष नव्हे. संगमाची सुरुवात तशीच होते. पुढे रेघ पुसली जाते की नाही, ते पाहायचे.

पुष्कळदा ती पुसली जात नाही, हे आधीच सांगून टाकतो. तबकडीचा बराच भाग पाळीपाळीने चालतो. भारतीय मंडळी काही मांडतात, मग ती थांबतात किंवा मागे सरतात आणि जॅझवाले आपले सांगतात. पंक्तीत शाकाहारी आणि मांसाहारी वेगवेगळे बसवावेत, तसे. आणि दोघे एकत्र येतात तेव्हा दोन अडचणी उभ्या राहतात. एक सुराची, दुसरी लयीची.

*

सुराची अडचण मला मिरजेला उमगली. आमच्या घरातला जुना तंबोरा जवारीला आला होता. दसऱ्यानंतर माहुलीच्या स्टेशनावर गाडी धरून तो मी मिरजेला नेला. मिरजेच्या सतारमेकरांची कीर्ती मी सांगायला नको. दीडशे वर्षांहून अधिक काळ तिथे पंढरपूर भागातल्या भोपळ्यांचे तंबोरे आणि सतारी होतात, आणि २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे अजून गाणे होते. सुराचा न्याय करायला याहून चांगले गाव नाही.

कारागीर घोडीवर कानस फिरवीत होता. भाच्याने माझ्या मोबाइलमध्ये तबकडी उतरवून दिली होती, ती मी त्याला ऐकवली. तो हसला नाही. मान तिरकी करून त्याने नुसता तंबोरा असलेला भाग पुन्हा लावायला सांगितला आणि म्हणाला, "जवारी बरी आहे." मग पियानो आला. थोडा वेळ ऐकून तो म्हणाला, "पियानो फिरत नाही ना, साहेब. मग फिरायचे कुणी, ते आधी ठरवायला पाहिजे."

संगीतशास्त्रावरच्या जाड पुस्तकांचा सारांश त्याने एका वाक्यात काढला. तंबोरा नीट जुळला, जवारी उघडी असली, तर षड्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप बोलतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. पियानोवर मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. सप्तकाची लांबी १२०० धरली तर पियानोचा गंधार ४०० वर बसतो आणि तंबोऱ्याचा सुमारे ३८६ वर. फरक चौदाचा, पण कानाला तो खड्यासारखा लागतो. मग मागे तंबोरा झंकारत असताना पियानोने गंधार ठणकावला की दोन गंधार एका घरात नांदू लागतात, आणि आमच्या काकांसारखा माणूस ओसरीवर जातो.

पण हा दोष जर्मनांच्या माथी मारण्यापूर्वी आपल्या घरातली पेटी आठवावी. ती परदेशातूनच आली आणि तिच्यातही तेच बारा सारखे भाग. शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाने सांगलीत एका गृहस्थाला झोप येऊ दिली नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल हे त्यांचे नाव. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींवर त्यांनी १९१० साली इंग्रजीत पुस्तक लिहिले. क्लेमेंट्स नावाच्या सनदी इंग्रज अधिकाऱ्याला त्यांनी त्या नादाला लावले, आणि दोघांनी श्रुती वाजतील अशी खास पेटी लंडनमध्ये बनवून घेतली. अब्दुल करीम खाँनी त्यांना साथ दिली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत त्या पेटीचे प्रयोग झाले, तेव्हा भातखंडे विरुद्ध बाजूला उभे होते. ती पेटी रुजली नाही. पुढे १९४० साली आकाशवाणीने साधी पेटीही गाण्याच्या साथीतून हद्दपार केली, आणि १९७१ मध्ये ती बंदी सैल होऊ लागली. दरम्यान मराठी गायकांनी आपला मार्ग काढलाच होता. पेटीला धरून राहायचे, पण तिच्या गंधारावर उभे राहायचे नाही. तिला चाटून पुढे जायचे. फिरायचे कुणी, याचे उत्तर आपण असे दिले : गळा फिरेल.

मिरजेहून परतताना मी तबकडी पुन्हा ऐकली आणि मला तिच्यात एक गोष्ट नव्याने दिसली. श्वाइत्सर जेव्हा पियानोवर सुरावट मांडते तेव्हा भांडण होते. पण तिचा हात जेव्हा पियानोला जणू चर्मवाद्य समजून आघात करू लागतो, सूर सोडून नुसता ठोका आणि झोड होतो, तेव्हा ते भांडण मिटते. त्या आघातांत गंधार शोधायचे कारणच उरत नाही. तंबोरा आपल्या जागी अखंड राहतो आणि पियानो तबल्याच्या कुळात जाऊन बसतो. फिरू न शकणाऱ्या वाद्याने फिरण्याची दुसरी रीत शोधली, असे मी म्हणेन. पहिल्या ऐकण्यात हेच मला धिंगाणा वाटले होते. तबकडीतली अस्सल भेट तिथे आहे, आणि नेमके तिथेच आम्ही हसलो होतो.

*

दुसरी अडचण लयीची, आणि ती साठ्यांच्या अंगावर आली. आपला ताल वर्तुळासारखा. कितीही दूर गेलात तरी समेवर परत यायचे. त्या काळचे मुक्त जॅझ मात्र मात्रांचे बंधन झुगारायला निघाले होते. नोइमायरचे ड्रम ठेका धरून बसत नाहीत. ते उसळतात, फुटतात, गप्प होतात. अशा माणसाशेजारी तबलजीने करायचे काय?

तीन वाटा होत्या. आपला ठेका डोळे मिटून हाकत राहायचे. मग काकांनी म्हटलेली दोन लग्नांची वरात निघते. किंवा ड्रमशी चढाओढ करायची. आजच्या 'फ्यूजन'च्या रंगमंचावर हाच प्रकार चालतो आणि त्याला टाळ्या मिळतात. साठे तिसऱ्या वाटेने गेले. जिथे मोतीहार गातात किंवा वाजवतात तिथे त्यांचा ठेका साधा, स्वच्छ, गाणाऱ्याला पाट देणारा आहे. लांबच्या देशातल्या स्टुडिओत आपली करामत दाखवण्याची घाई त्यात ऐकू येत नाही. जिथे जॅझवाले मात्रा मोडतात तिथे ते बोल विरळ करतात, जागा ठेवतात. तुकडा टाकला तरी तो ड्रमचे बोलणे संपल्यासारखे वाटल्यावर. म्हणजे ते ऐकत होते. साथीदाराचा हा मोठा गुण, आणि तो आपल्या बैठकीत शिकलेला आहे. जॅझ शिकायला ते गेले नव्हते, आणि तबला शिकवायलाही नाही.

मेयर यांच्या तबकडीशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. मेयर यांनी सारे कागदावर आखून दिले होते. राग कुठे, ताल कुठे, जॅझवाल्याने मोकळे कुठे व्हायचे, सारे ठरलेले. ती तबकडी अधिक नेटकी आहे आणि दिवाळीत चारचौघांत लावायला सोयीची. पण तिच्यात साठ्यांना धोका नाही. फिलिंगेनला कागद कमी आणि धोका अधिक होता. सावरणारा माणूस पाहायचा तर वाट निसरडीच हवी.

*

आता त्या दोघांकडे येतो. या तबकडीनंतरच्याच वर्षी, १९६८ साली, बासवाला ट्रेप्टे आणि ड्रमवाला नोइमायर यांनी जॅझ सोडून आपली स्वतंत्र मंडळी काढली. तिचे नाव त्यांनी ठेवले 'गुरू गुरू'. विजेची गिटार घेऊन आक्स गेनरिख त्यांना मिळाला आणि १९७० साली त्यांची पहिली तबकडी निघाली, 'यूएफओ' म्हणजे उडती तबकडी. काढणाऱ्या कंपनीचे नाव 'ओर'. जर्मन भाषेत त्याचा अर्थ कान. जर्मनीतल्या सायकेडेलिक रॉकचा जो मोठा पूर पुढे आला, त्याच्या उगमाजवळ ही मंडळी होती.

कुणाला वाटेल, पाहा, आमच्या संगतीचा परिणाम, गुरू झाले! तसे म्हणायला मी धजत नाही. 'यूएफओ' मी ऐकली आहे. त्यात राग नाही, ताल नाही, गुरुशिष्यभावाचा तर मागमूसही नाही. विजेच्या तारांचा प्रचंड गडगडाट आहे आणि एका रचनेच्या नावातच नशेच्या गोळीचे नाव आहे. घरच्या मुलांना दिवाळीची भेट म्हणून मी ती देणार नाही. पण त्या गडगडाटात एक गोष्ट मला ओळखीची वाटली. ही माणसे एका सुरावर, एका आवाजावर दीर्घ काळ थांबतात आणि त्यालाच आतून उलगडत बसतात. तीन मिनिटांत गाणे संपवण्याच्या बीटवाल्यांच्या घाईपासून ती सुटली होती. थांबण्याचे हे धाडस त्यांनी कुठून घेतले, याचा हिशेब कुणी मांडावा? जॅझमधूनही आले असेल, काळाच्या हवेतूनही. मात्र त्यांच्यापैकी दोघेजण एकदा तंबोऱ्याच्या शेजारी बसले होते, एवढे तबकडीवर छापलेले आहे.

बेरेंट तर त्या वाटेवर दूरवर चालत गेले. १९८३ साली त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'नादब्रह्म' असे आहे; जर्मन पुस्तक, संस्कृत नाव. त्यांच्या भाबडेपणावर हसणे सोपे आहे. मी एकदा हसून चुकलो आहे, म्हणून आता बेताने बोलतो.

*

तर एकूण निकाल काय? 'जॅझ मीट्स इंडिया' ही थोर तबकडी नव्हे. तिच्या नावातच खोट आहे. जॅझ म्हणजे पाच माणसे आणि भारत म्हणजे तीन, असा सौदा कुणी मांडू नये. तिच्यात दोन पाणी बराच वेळ शेजारून वाहतात, आणि रेघ थोड्याच ठिकाणी पुसली जाते. पण जिथे पुसली जाते तिथे ती खरोखर पुसली जाते. आणि त्या प्रत्येक जागी कुणीतरी ऐकत असल्याची खूण आहे. बहुतेक वेळा ऐकणारा माणूस तबल्यावर आहे. आज पन्नासांहून अधिक वर्षांनी आपल्याकडे 'फ्यूजन'चे मांडव पडले आहेत, वाद्ये महाग झाली आहेत, ध्वनिक्षेपक तर विचारायलाच नको. पण समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे ही साधी गोष्ट त्या मांडवात क्वचितच ऐकू येते. म्हणून ही सदोष तबकडी मला आजच्या निर्दोष तबकड्यांहून मोलाची वाटते.

या वर्षी नवरात्रात मी ती काकांना पुन्हा ऐकवली. पियानोवर लक्ष देऊ नका, नुसते साठे ऐका, असे सांगितले. काकांनी डोळे मिटले. बोटे गुडघ्यावर हलू लागली. दोनदा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि एकदा त्यांनी मान डोलावली; ती कुठल्या तुकड्याला, हे मी जपून ठेवले आहे. तबकडी संपल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अवघड मांडवात बसले होते रे. पण उठून नाही आले."

कुठले साठे, हे त्यांनी पुन्हा विचारले नाही.

यंदा भाचा दिवाळीला येणार आहे. फराळ आधी उरकायचा आणि तबकडी मग लावायची, असे घरात ठरले आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी परदेशातून अशी एखादी चमत्कारिक वस्तू आली, तर त्यांनीही हाच क्रम ठेवावा. निदान हातात बशी असताना निकाल देऊ नये.